नायिकेचं वय एकोणसाठच राहू द्या

तुमचं पत्र आणि सोबतची चार प्रकरणं वाचली. दुसऱ्या कुणी वाचलं तर संदर्भ लागावा, म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमची नायिका ५९ वर्षांची. उपकेंद्रावर नर्सबाई म्हणून तीस-बत्तीस वर्षं नोकरी करून गेल्या वर्षी निवृत्त झालेली, विधवा, पुण्यात मुलगा-सुनेकडे राहणारी. भाऊबिजेला ती माहेरी जाते, धाकटा भाऊ एका कागदावर सही मागतो, ती देत नाही आणि आठ दिवसांत भाऊ नाहीसा होतो. त्याला शोधायला ती वेल्ह्याच्या डोंगरात शिरते आणि केळदवरून मढे घाटानं कोकणात उतरते. संपादक म्हणाले, वय ३८ करा, नाहीतर धावपळ पटणार नाही. मैत्रीण म्हणाली, घरातला भाग आणि डोंगरातला भाग ही दोन वेगळी पुस्तकं वाटतात. वय कमी करू का आणि घर कापू का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही करू नका. का करू नका ते जरा सविस्तर सांगते, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे.

मी सव्वीस वर्षं दिवाळी अंकांसाठी कथा निवडते आणि त्यांवर लेखकांबरोबर काम करते. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक कथा आली होती. रेल्वेच्या लेडीज डब्यात चढलेल्या एका पाकीटमार पोराला ६१ वर्षांची बाई पकडते. आरडाओरडा न करता ती त्याच्या शेजारी जाऊन बसते आणि विचारते, "बाळा, जेवलास का?" पोरगा गडबडतो, आणि तिथून कथा सुरू होते. मला वाटलं, बाई तरुण असेल तर झटापट रंगेल. लेखिकेला सांगून वय ४० करून घेतलं. मग ते "बाळा, जेवलास का" त्या बाईच्या तोंडी बसेना. ते काढलं. ते काढल्यावर पोरगा गडबडायचं कारण उरलं नाही, म्हणून एक धक्काबुक्की घातली. कथा छापून आली आणि कुणाच्याही लक्षात राहिली नाही. लेखिका माझ्याशी पुढेही चांगलं वागली, पण त्या कथेबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही.

तेव्हापासून माझ्यापुढे अशी कथा आली की मी एकच गोष्ट करून बघते. मनातल्या मनात नायिकेचं वय वीस वर्षांनी कमी करते आणि काय काय कोसळतं ते पाहते. काहीच कोसळलं नाही, तर लेखकानं फक्त केस पांढरे केलेत, वय लिहिलेलंच नाही. तुमच्या कादंबरीत वय उतरवलं की पहिला कोसळतो तो भावाचा कागद. तुम्ही हे मुद्दाम केलंय की सहज घडलंय ते मला कळलं नाही, पण तुमच्या कथानकाचा कणा तोच आहे.

बघा, तुमची नायिका साधारण १९६५ ची. लग्न १९८६ च्या सुमारास झालं असं दुसऱ्या प्रकरणात आहे. २२ जून १९९४ ला महाराष्ट्रात कायदा आला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलींना मुलांच्या बरोबरीनं हक्क मिळाला, पण त्या दिवशी अविवाहित असलेल्यांनाच. तुमच्या नायिकेच्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झालेली, म्हणून ती बाहेर. मग ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्न झालेल्या मुलीही आत आल्या. वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का यावर पुढे पंधरा वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं, तसं काही लागत नाही, हक्क जन्मानंच येतो, असा निकाल दिला. जमिनीचं वाटप २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेलं नसलं की झालं.

आता हे माणसांच्या पातळीवर आणा. लग्नानंतर वीस वर्षं या बाईला सगळ्यांनी सांगितलं की तुझा इथे वाटा नाही, आणि ते कायद्यानंही खरं होतं. भावानं तेच ऐकत शेती केली, विहीर खणली, कर्ज काढलं. वय चाळिशीला आलं तेव्हा एक दिवस कायदा फिरला आणि पन्नाशी ओलांडल्यावर तो पक्का झाला. भाऊ लबाड असायची गरजच नाही. तो आयुष्यभर एका समजुतीवर उभा होता आणि ती समजूत त्याच्या पायाखालून गेली. म्हणून तो हक्कसोडपत्र, म्हणजे बहिणीनं आपला वाटा सोडल्याचा कागद, घेऊन येतो. तुमची नायिका ३८ वर्षांची केली तर ती १९९४ मध्ये आठ वर्षांची असेल आणि तिचा हक्क पहिल्यापासून सरळ असेल. मग भावाच्या मनातला तो पीळ कुठून आणणार? संपादकांना हे एवढं कळवा. मला वाटतं ते ऐकतील.

आणि भाऊबिजेचा प्रसंग आणखी जवळून लिहा. सध्या तुम्ही "भावाने कागद पुढे केला" एवढ्यावर सोडलंय. पाट मांडलाय, रांगोळीची दोन बोटं ओढलीत, निरांजन फिरवून झालंय, सुपारी ओवाळून झालीय. भाऊ ओवाळणी म्हणून तबकात साडी ठेवतो आणि साडीच्या घडीखाली प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ते पत्र आहे. ती साडी उचलते तेव्हा फोल्डरचा कोपरा कुंकवाला लागतो. मुंडावळ्यांपासून पाहिलेला भाऊ आणि दुय्यम निबंधक कार्यालयाचा कागद एकाच तबकात. या दृश्याला संवाद फार लागणार नाहीत.

साहसाच्या भागातही वय असंच कामाला लावा. तुमची नायिका डोंगरात का टिकेल? ती धाडसी आहे म्हणून, असं तुम्ही तीन वेळा लिहिलंय. ते तिन्ही वेळा खोडा. ती टिकेल कारण तीस वर्षं लशीची निळी पेटी खांद्याला लावून ती याच वाड्यांना चालत गेली आहे. पेटीतल्या बर्फाच्या थैल्या वितळायच्या आत शेवटच्या धनगरवाड्यावर पोचायचं असायचं, म्हणून तिला प्रत्येक वाडीचं अंतर मिनिटांत पाठ आहे. कुठल्या ओढ्याला श्रावणात कमरेइतकं पाणी असतं आणि कार्तिकात घोट्याइतकं, हे तिला नकाशाशिवाय माहीत. कुठल्या घरात कुणाचं बाळंतपण अडलं होतं, कुणाची नोंद कुणाच्या नावावर लागली, हे तिच्या रजिस्टरमध्ये होतं आणि रजिस्टर जमा केल्यावरही डोक्यात राहिलंय. ३८ व्या वर्षी यातलं अर्धंच जमा झालेलं असतं.

आता थोडं इतिहासाकडे वळते, कारण पोक्त बाईचं साहस आपल्याकडे कधी नव्हतंच असं संपादक म्हणतात, ते मला मान्य नाही. महाराणी ताराबाई घ्या. त्यांचा जन्म १६७५ चा. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले, आणि पंचविशीतल्या या बाईनं औरंगजेबाविरुद्धचा लढा पुढची सात वर्षं चालवला. आपली कादंबरी, नाटक, शाळेचं पुस्तक सगळं इथेच थांबतं. पण माझ्या मते साहसकथेचं खरं कथानक पन्नास वर्षांनी सुरू होतं. साताऱ्याच्या गादीवरचे शाहू महाराज निपुत्रिक. ताराबाई सांगतात की माझा एक नातू लपवून वाढवलेला आहे. शाहू महाराज डिसेंबर १७४९ मध्ये जातात आणि हा नातू रामराजा म्हणून गादीवर येतो. पेशव्यांना दूर करावं हे आजीचं म्हणणं तो ऐकत नाही. नानासाहेब पेशवे मोहिमेवर गेलेले असताना, नोव्हेंबर १७५० मध्ये, आजी नातवाला साताऱ्याच्या किल्ल्यावर बोलावते आणि तिथेच कैद करते. तेव्हा त्यांचं वय ७५. दामाजी गायकवाडांना मदतीला बोलावलं, पेशव्यांच्या फौजा अंगावर घेतल्या, किल्ला सोडला नाही. शेवटी १७५२ मध्ये जेजुरीला खंडोबापुढे शपथ घेऊन सांगितलं की हा माझा नातूच नव्हे. पानिपत झालं त्याच वर्षी, १७६१ च्या डिसेंबरात, त्या गेल्या.

या सगळ्यात ताराबाईंनी तलवार उचललेली नाही. त्यांची हत्यारं दोनच: किल्ल्याचा दरवाजा आणि नातं. हा माझा नातू, असं म्हणायचा अधिकार त्यांच्याएवढा कुणाला नव्हता, आणि हा माझा नातू नाही असं म्हणायचाही. आजी, नातू, वारसा, लपवलेलं मूल, सगळा कौटुंबिक कादंबरीचा ऐवज, आणि तो घडतोय वेढा पडलेल्या किल्ल्यावर. घर आणि डोंगर ही दोन पुस्तकं आहेत असं वाटलं की मी हा प्रसंग आठवते. शिवाय त्या इथे चांगल्या वागल्या असंही म्हणता येत नाही. नातवाला कोंडणं निर्दयी होतं. आपण पोक्त बाईला एकतर देवघरात बसवतो किंवा मालिकेतल्या कारस्थानी सासूचं काजळ लावतो. अहिल्याबाई वयाच्या ४२ व्या वर्षी कारभार हाती घेतात आणि सत्तराव्या वर्षापर्यंत राज्य चालवतात, पण आपल्या डोळ्यांपुढे हातात पिंड घेतलेली शांत मूर्तीच येते. चिडलेल्या, हिशेब तपासणाऱ्या, चुकलेल्या अहिल्याबाई मला कथेत फारशा भेटल्या नाहीत. तुमच्या नायिकेला चुकू द्या. चार प्रकरणांत तिचा एकही अंदाज चुकलेला नाही, आणि मला ती थोडी दूरची वाटली ती त्यामुळेच.

आपण बायकांच्या आयुष्यातला पहिला अध्याय ठेवतो आणि दुसरा फेकून देतो, हे इतिहासापुरतं नाही. बचेंद्री पाल म्हटलं की २३ मे १९८४ चं एव्हरेस्ट. त्याच बचेंद्री पाल २०२२ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, पन्नाशीपुढच्या बायकांची तुकडी घेऊन हिमालयाच्या पूर्व टोकापासून लडाखपर्यंत महिनोन्‌महिने चालल्या. ती गोष्ट किती जणांना सांगता येईल? जमशेदपूरच्या प्रेमलता अगरवाल २०११ मध्ये ४८ व्या वर्षी एव्हरेस्टवर पोचल्या. जपानच्या तामाए वातानाबे २०१२ मध्ये ७३ व्या वर्षी, आणि ती त्यांची दुसरी खेप होती. "धावपळ पटणार नाही" म्हणणाऱ्यांना ही नावं सांगायची. पण खरं सांगू? आपल्याला एवढं लांब जायची गरज नाही. आषाढात दिवेघाटाच्या कडेला उभं राहा. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, अठरा-वीस दिवस, डोक्यावर तुळस आणि खांद्याला पिशवी घेऊन चालणाऱ्या बायकांत साठीच्या पुढच्या किती असतात ते नुसतं बघा. मुक्कामाला पोचल्यावर त्या फुगड्या घालतात. बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी धावलेल्या लता करे नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवेत म्हणून धावल्या होत्या. साठी ओलांडलेल्या. आपल्याकडे साठीची बाई चालते, धावते, चढते. पुस्तकात येताना तेवढी ती खुर्चीत बसते.

मात्र शरीर खोटं लिहू नका. तुमच्या चौथ्या प्रकरणात ती ओढ्यावरून उडी मारते आणि एका माणसाला ढकलून देते. तिथे संपादकांशी मी सहमत आहे, ते पटत नाही. उपाय वय कमी करण्याचा नाही, प्रसंग बदलण्याचा आहे. चढाला दम लागतो, पण साठीत खरी परीक्षा उताराला होते, कारण सगळा भार गुडघ्यावर येतो. मढे घाट उतरताना ती तिरकी उतरेल, काठी आधी टेकवेल मग पाय, दोन-तीन ठिकाणी सरळ खाली बसून हातांवर सरकेल. नाशिककडच्या हरिहरगडाच्या पायऱ्या तुम्ही पाहिल्या असतील. जवळजवळ उभ्या, आणि धरायला प्रत्येक पायरीला खोबण्या केलेल्या. २०२० मध्ये ६८ वर्षांच्या एका आजी तो गड चढल्या त्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. त्या पायऱ्या उतरताना तरुणसुद्धा खडकाकडे तोंड करून, शिडी उतरावी तसे उतरतात. पुढे पाय टाकण्याआधी खालची पायरी पायानंच चाचपावी लागते. असं एक वाक्य लिहिलंत की वाचकाच्या तळपायाला घाम येतो. उडी लागत नाही.

आणि शरीराच्या अडचणी कथानकात घ्या. चष्म्याशिवाय तिला मोबाईलवरचा मेसेज वाचता येत नाही. मग चष्मा ओढ्यात पडू द्या, आणि भावाचा मेसेज तिला एका अनोळखी पोराकडून वाचून घ्यावा लागू द्या. या वयात डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात. म्हणून ती दिवेलागणीला झोपडीबाहेर पाच मिनिटं नुसती उभी राहील, आणि तेवढ्यात तिला काही ऐकू येईल. पहाटे चारला तिला जाग येतेच. वाडीत सगळे झोपलेले असताना समोरच्या सोंडेवर बॅटरी हललेली तिलाच दिसेल. बीपीची गोळी, दोन दिवसांच्या मोजून घेतलेल्या, आणि तिसरा दिवस उजाडतो. बसमध्ये पाणी बेतानं पिणं, कारण पुढच्या स्टँडवर लघवीची सोय कशी असेल सांगता येत नाही. प्रवास केलेल्या प्रत्येक बाईला हे माहीत आहे, आणि साहसकथेत ते येत नाही कारण त्या बहुतेक पुरुषांनी पुरुषांवर लिहिल्या.

तिला कुणी पाहत नाही हा तिचा सगळ्यात मोठा फायदा. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गाड्यांत तिच्या वयाच्या बायका केवढ्या वाढल्यात. कंडक्टर "आजी, सरका जरा" म्हणतो आणि त्याला तिचा चेहराही आठवत नाही. जीप भाड्यानं घेणारी ३८ वर्षांची बाई सगळ्या तालुक्याला कळते. पिशवी घेऊन एसटीतून उतरलेली आजी कुणालाच कळत नाही. ती कुणाच्याही स्वयंपाकघरापर्यंत जाऊ शकते, तिला पाणी विचारलं जातं, चहा होतो, आणि चहा उकळेपर्यंत घराची बातमी कळलेली असते. पोलिसाला जे आठ दिवस लागतात ते ती दोन चुलींवर करते.

घाटातल्या शेवटच्या झटापटीचं मी असं करीन. वाट अडवणारा तो पोरगा तिच्याच हातचा जन्मलेला असू द्या. पण तो विरघळून बाजूला होतो असं कृपा करून लिहू नका. ती त्याला एवढंच म्हणते, "तुझ्या आईकडे मी आत्ता चहा पिऊन आले. परत जाताना पुन्हा तिथंच थांबणार आहे." तो बाजूला होतो कारण त्याला उद्या घरी जायचं आहे. गावात हीच जरब असते आणि ती कमवायला तीस वर्षं लागतात.

आता भाषेचा मुद्दा. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. तुमच्या पहिल्या दोन प्रकरणांत निवेदन "ती" म्हणतं. तिसऱ्या प्रकरणात सून आली आणि तुमच्याही नकळत निवेदन "त्या" म्हणू लागलं. तिथून पुढे कादंबरी मंदावली. मराठीत तरुण नायिकेला "ती" म्हणायला हात अडखळत नाही, पण पन्नाशी उलटली की लिहिणाऱ्याचा हात आपोआप नमस्काराला जोडला जातो. ही दोन वाक्यं मोठ्यानं वाचा. "नर्सबाई दगडावर बसल्या. त्यांनी बुटाची नाडी आवळली आणि त्या खाली पाहू लागल्या." आता हे: "ती दगडावर बसली. बुटाची नाडी आवळली. खाली पाहिलं." पहिल्यात आपण तिच्यापासून चार हात लांब, मान खाली घालून उभे आहोत. दुसऱ्यात तिच्या शेजारी बसलोय. आदर वाचकाच्या मनात येऊ दे, क्रियापदात नको.

पात्रांच्या तोंडी मात्र आदराचे सगळे पदर ठेवा, तिथे ते सोनं आहेत. सून म्हणणार "अहो आई", आणि तुम्ही. मुलगा म्हणणार "आई, तू". भाऊ "ताई". वाडीतली माणसं "बाई" किंवा "नर्सबाई". तिच्या स्वतःच्या नावानं तिला हाक मारणारं कुणी उरलेलंच नाही. आणि स्वतःचं नाव म्हणजे तरी कुठलं? तिच्या पिढीत लग्नात नाव बदलायचे. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं, आणि माहेरचं नाव त्या तांदळाखाली जायचं. तुमच्या कादंबरीत दोन नावांची ही बाई आहे आणि तुम्ही एकच वापरलंय. कागदाच्या भानगडीतही हे येतं, सातबाऱ्याच्या फेरफारात एक नाव, आधारवर दुसरं. आणि घाटाखालच्या गावात एखादी म्हातारी शाळेतली मैत्रीण तिला अचानक माहेरच्या नावानं हाक मारते, आणि ती वळायला क्षणभर उशीर करते, असा एक प्रसंग मला फार वाचायला आवडेल. सगळा गुंता नकोच असेल तर प्रथमपुरुषी, "मी" म्हणून लिहा. लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रांचा पहिला भाग १९३४ मध्ये आला तेव्हा त्या साठी ओलांडून पुढे गेलेल्या होत्या, आणि त्या "मी"मध्ये कुठेही वयाचं ओझं नाही. पण तुमची शैली तृतीयपुरुषी खुलते, म्हणून "ती"च ठेवा.

राहिलं घर. मैत्रिणीला दोन पुस्तकं वाटली याचं कारण घर लांबलं हे नाही. घराला साहसात काही काम नाही, हे आहे. ५९ वर्षांच्या बाईच्या साहसाचा पहिला पहारेकरी डोंगरात नसतो, दिवाणखान्यात असतो. सध्या तुमची नायिका "सुनेला सांगून निघाली." एवढं सोपं असतं का? मी असं काहीतरी लिहीन:

"आई, कुठे निघालात?"

"वेल्ह्याला."

"कुणाबरोबर?"

"अगं, भाजणी वरच्या डब्यात आहे. संध्याकाळी पिल्लूला थालीपीठ लाव. सिलिंडरवाला उद्या येईल."

"आई, मी काय विचारतेय?"

"परवा येते मी."

"ह्यांना काय सांगू?"

तिनं चपला पिशवीत टाकल्या आणि लेकाचे जुने बूट कपाटातून काढले. सून बघत राहिली. मग आत गेली आणि चार्जर घेऊन आली. "हा धरा. ते बूट मोठे होतील तुम्हाला. दोन मोजे घाला."

सुनेनं परवानगी दिली नाही आणि अडवलंही नाही. ती कटात सामील झाली. आता पुढच्या शंभर पानांत तुमच्याकडे घरात एक माणूस आहे ज्याला काही माहीत आहे, आणि एक मुलगा ज्याला माहीत नाही. डोंगरात रेंज जाते तेव्हा घरात फोन वाजत राहतो. मुलगा चिडतो, मग घाबरतो, मग बायकोवर संशय घेतो. डोंगरातल्या प्रत्येक प्रकरणाला घरात एक प्रतिसाद मिळतो. पान कापायचं कारण उरत नाही. सासू-सुनेच्या नात्यावर आपल्याकडे मालिकांनी भरपूर माती टाकून ठेवलीय, ती थोडी उकरायला तुम्हाला चांगली संधी आहे.

पुनर्विवाहाचा, त्या वनरक्षकाचा धागा मला कच्चा वाटला. तिला कुणी आवडू नये असं मी म्हणत नाही, जरूर आवडावं. पण तो माणूस फक्त तिचं कौतुक करायला आलाय. त्याला काहीतरी हवं असू द्या, नाहीतर काढा.

अशा नायिकेची कादंबरी खपेल का, असंही तुम्ही विचारलंत. आकडे मी देत नाही, पण दोन उदाहरणं संपादकांपुढे ठेवा. बायकांच्या सहलीवरचा झिम्मा नोव्हेंबर २०२१ मध्ये आला आणि चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या सहा बहिणींचा बाईपण भारी देवा जून २०२३ च्या अखेरीस. दोन्हींच्या वेळी बायका घोळक्यानं चित्रपटगृहात गेल्या, पुन्हा पुन्हा गेल्या. दिवाळी अंकाला येणारी जी पत्रं मी वाचते, त्यांतली निम्म्याहून जास्त पन्नाशीपुढच्या बायकांची असतात, बारीक अक्षरात, पानाच्या दोन्ही बाजूंना लिहिलेली. त्या वाचताहेतच. त्यांना स्वतःच्या वयाचं कुणीतरी डोंगर उतरताना दिसू द्या.

शेवटाबद्दल. आराखड्यात तुम्ही लिहिलंय की भाऊ सापडतो, ती घरी येते, सून ओवाळते, आणि ती मायेनं हक्कसोडपत्रावर सही करते. सही करायची की नाही हा तुमचा आणि तिचा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही. पण कादंबरीभर जो कागद तिनं उघडला नाही, तो तिनं वाचताना आम्हाला दिसला पाहिजे. नवा चष्मा लावून, पहिल्या पानापासून, गट नंबर बोटानं धरत, मधे एकदा मागे जाऊन. भाऊ समोर बसलेला, चहावर साय धरलेली. तिला घाई करायला लावू नका. ते दृश्य चार पानांचं झालं तरी चालेल.

आधी तिसऱ्या प्रकरणातले "त्या" बदलून घ्या, एका दुपारचं काम आहे. मग हे शेवटचं दृश्य लिहून मला पाठवा, मधलं नंतर बघू.